पिवळे पाय

खोक्याला पेन्सिलीनं भोकं पाडलेली होती आणि प्रत्येक भोकातून चिवचिव बाहेर येत होती. नेरूळ स्टेशनबाहेर, रिक्षांच्या रांगेपलीकडे, पिल्लंवाला उकिडवा बसला होता. जानेवारीची संध्याकाळ, खाडीवरून गार वारा. माझ्या लेकीनं माझा हात सोडला आणि ती खोक्यापाशी जाऊन बसली. तिला तिथून उठवायचं माझ्या जिवावर आलं. पाच तपकिरी पिल्लं घेतली आणि सहावं तिच्या हट्टाचं, गुलाबी रंगात बुडवून काढलेलं.

"सगळ्या माद्या आहेत ताई," पिल्लंवाला म्हणाला, "आणि अस्सल गावठी. पाच महिन्यांत अंडी."

एका दमात त्यानं जातही सांगून टाकली आणि नर-मादीही. मी पैसे दिले. पुढचे सहा-सात महिने मी त्या दोन शब्दांचाच माग काढत होते, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

आमचं घर सिडकोच्या बैठ्या घरांच्या रांगेतलं. मागे एवढंसं अंगण, शेवग्याचं एक झाड, धुण्याचा दगड. गल्लीच्या टोकाला सेक्टर संपतो आणि गाव सुरू होतं. सिडको 1970 साली स्थापन झाली, नव्या शहरासाठी 95 गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, त्यांतलंच हे एक गाव. भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासळी यांवर जगलेल्या आगरी लोकांचं नेरूळ. आम्ही सेक्टरातले लोक अजूनही "गावात जाऊन येते" असं म्हणतो, आणि जायला चार मिनिटं लागतात. मी मूळची कऱ्हाडकडची. आजीच्या घरी डालगं होतं, खुराडं होतं, खुडूक बसलेल्या कोंबडीच्या पोटाखाली हात घातला की लागणारी ती ऊब अजून माझ्या बोटांना आठवते. पण पिल्लू हातात घेऊन ते काय आहे हे ओळखायला मला कुणी शिकवलं नव्हतं. आजी असताना मी विचारलंही नव्हतं.

पिल्लं पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात ठेवली, वर साठ वॅटचा बल्ब टांगला. पहिल्या आठवड्यात पिल्लांना 35 अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला थोडी थोडी कमी करत न्यायची. तापमापक नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांच्या अंगावर चढून बसली तर गारठलीत, कडेला पांगून चोच उघडी टाकली तर उकडतंय. तांदळाची कणी आणि दुकानातून आणलेलं पिल्लांचं खाद्य, उथळ झाकणात पाणी, आणि पाण्यात बुडू नयेत म्हणून झाकणात चार गोट्या. हे सगळं मला जमत गेलं. जमत नव्हतं ते एकच, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देणं. प्रत्येक जण खोक्यात डोकावून पहिलं वाक्य तेच विचारायचा, "नर किती, माद्या किती?"

आणि प्रत्येकाकडे ओळखायची एक रीत होती. समोरच्या काकांनी पिल्लाला मानेच्या कातडीला धरून उचललं. पाय पोटाशी ओढून घेतले तर मादी, लोंबते सोडले तर नर. त्याच पिल्लानं दुसऱ्यांदा उलटं केलं. कुणी म्हणालं, डोक्यावर रुमाल टाकला की जे ताठ उभं राहतं तो कोंबडा. माझ्या जाऊबाईंनी दोऱ्याला अंगठी बांधून पिल्लावर धरली, गोल फिरली तर मादी, सरळ झुलली तर नर. कामवाल्या मावशींचं म्हणणं, हे सगळं अंड्यावरच ठरलेलं असतं. लांबट, टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो आणि गोलसर अंड्यातून कोंबडी. आमच्या कऱ्हाडलाही असंच म्हणत. पुढे कधीतरी मला कळलं की तेवीसशेहून अधिक वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलनं हेच लिहून ठेवलंय, पण बरोबर उलटं. त्याच्या मते टोकदार अंड्यात मादी. ग्रीसमधलं अंडं काय आणि कृष्णाकाठचं अंडं काय, आकार बघून आतला जीव कुणालाच सांगता आलेला नाही.

शेजारच्या मुलानं मात्र खरी रीत सांगितली. तो पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. त्यानं एका पिल्लाचा पंख दोन बोटांत अलगद पसरला आणि मला चष्मा लावून बघायला सांगितलं. पंखाच्या कडेला पिसांच्या दोन ओळी असतात, खालची मोठ्या पिसांची आणि त्यांची मुळं झाकणारी वरची. एका दिवसाच्या मादीत खालची पिसं वरच्यांपेक्षा स्पष्ट लांब दिसतात, नरात दोन्ही ओळी जवळपास सारख्या. याचं कारण पिसं लवकर किंवा उशिरा फुटण्याचा गुण पक्ष्यांच्या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावरच बसलेला असतो. "पण काकू," तो म्हणाला, "ही खूण ज्यांचे आईबाप मुद्दाम तसे निवडून जोडलेत त्यांच्यातच चालते. आई उशिरा पिसं येणारी आणि बाप लवकर पिसं येणारा, असं जुळवावं लागतं. रस्त्यावरच्या पिल्लाचे आईबाप कोण, हेच आपल्याला माहीत नाही." शिवाय आमची पिल्लं तोवर पाच-सहा दिवसांची झाली होती. ही खूण पहिल्या दिवसाचीच, दोन-चार दिवसांत ती पुसली जाते.

त्याच्याच तोंडून मी आणखी एक गोष्ट ऐकली आणि त्या रात्री बराच वेळ ती मनात घोळत राहिली. माणसात मूल मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरतं, हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. पक्ष्यांत ते आईवर ठरतं. कोंबड्याकडून जे येतं ते नेहमी एकाच प्रकारचं असतं, कोंबडीच्या अंड्यात मात्र दोन प्रकार असतात, आणि पुढचा जीव नर की मादी ते तिथं ठरतं. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बायकांना ज्या गोष्टीबद्दल बोल लावला ती गोष्ट खरोखर आईच्या हातात असलेली जात कोणती, तर ही खुराड्यातली. आणि तिला तिच्या मालकानं कधी त्याबद्दल घराबाहेर काढलं नाही.

मला दिवस होते तेव्हा आमच्या घरातही पोटाचा आकार बघून अंदाज बांधले गेले होते. पोट पुढे आलंय, मुलगा. चेहऱ्यावर तेज आलंय, मुलगी. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर बसले की समोर भिंतीवर पाटी दिसायची, इथं गर्भलिंगनिदान केलं जात नाही. आपण ती पाटी इतक्या वेळा बघतो की ती वाचेनासे होतो. पण गर्भजल तपासून मुलगी नको म्हणणाऱ्यांना आवरण्यासाठी देशात पहिला कायदा केला तो महाराष्ट्रानं, 1988 साली. देशभराचा कायदा त्यानंतर, 1994 मध्ये. आणि तरीही 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली निघाल्या 894. दहा वर्षांपूर्वी त्या 913 होत्या. कायदा असताना कमी झाल्या. हा आकडा मला पाठ आहे, कारण माझी लेक त्या पिढीच्या पाठोपाठ आलेली आहे आणि तिच्या वर्गातली बाकं मी मोजली आहेत.

पिल्लांच्या खोक्यावर वाकून सगळे जेव्हा "माद्या किती" विचारत, तेव्हा मला ती पाटी आठवायची. इथं हवी असते मादी, तिथं हवा असतो मुलगा, पण प्रश्न विचारण्यातली घाई एकच. जीव अजून धड उभा राहत नाही, त्याच्याकडून आपल्याला काय मिळणार ते आधी सांगा.

नवव्या दिवशी गावातल्या आजी आल्या. त्या आमच्याकडे शेवग्याच्या शेंगा न्यायला येतात, बदल्यात कधी बोंबील आणतात, कधी पापड. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या लहानपणी या सेक्टरच्या जागी त्यांच्या वडिलांचं शेत होतं. त्यांनी खोक्यात बघितलं, एक पिल्लू उचललं, ओंजळीत धरलं, आणि काहीच न बोलता त्याच्या पोटावर अंगठा ठेवून उभ्या राहिल्या. मी विचारलंच, "आजी, काय आहे हे? कोंबडी का कोंबडा?"

आजींनी माझ्याकडे बघितलं. "आदी जगूं दे गो बाय त्याना," त्या म्हणाल्या. "मंग बगू."

त्या बघत होत्या ते वेगळंच होतं. पोट मऊ आहे का, बेंबी सुकली आहे का, शेपटीखाली विष्ठा चिकटून वाट बंद तर झाली नाही ना. एका पिल्लाची झाली होती. त्यांनी कोमट पाण्यात कापसाचा बोळा भिजवला आणि इतक्या हलक्या हातानं ती जागा पुसली की पिल्लू ओरडलंसुद्धा नाही. नऊ दिवस मी त्या पिल्लाकडे बघत होते, पंख पसरून बघत होते, पाय लोंबतात का बघत होते. ते अडचणीत आहे हे मला दिसलं नव्हतं.

तीच जागा. जगातल्या मोठमोठ्या उबवणी केंद्रांत पिल्लाची नेमकी तीच जागा बघून नर-मादी ठरते. 1920 च्या दशकात जपानमध्ये कियोशी मासुई आणि जुरो हाशिमोतो या दोघांनी ही रीत शोधली आणि 1927 साली कॅनडात ओटावाला भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेत ती जगासमोर आली. एका दिवसाचं पिल्लू डाव्या हातात धरायचं, पोट हलकं दाबून ती जागा अंगठ्यानं उलगडायची आणि आत राजगिऱ्याहून बारीक असा एक उंचवटा आहे का, कसा आहे, ते डोळ्यानं टिपायचं. हे करायला दोन-तीन सेकंद. तयार माणूस तासाला हजारावर पिल्लं वेगळी करतो आणि शंभरात 98 बरोबर सांगतो. पण ते शिकवायचं कसं, हा खरा पेच. उंचवटा काही पिल्लांत नर असून दबलेला असतो, काही माद्यांत उठलेला. नियम सांगून भागत नाही. शिकणारा पिल्लू उचलतो, एका बाजूला टाकतो, मागे उभा असलेला गुरू "हो" किंवा "नाही" एवढंच म्हणतो. असं हजारो वेळा झालं की एके दिवशी हात बरोबर पडायला लागतात, आणि मग त्या शिकलेल्या माणसाला विचारलं की तुला कळलं कसं, तर त्यालाही ते शब्दांत मांडता येत नाही.

हे कौशल्य मला थोर वाटतं आणि त्याचा शेवट मला झेपत नाही. अंड्यांसाठी घडवलेल्या जातींत नर अंडी देत नाही आणि त्याच्या अंगावर मांसही लवकर चढत नाही. म्हणून ते दोन सेकंद झाले की माद्या एका पेटीत जातात आणि नर दुसरीकडे. जगभरात दर वर्षी सुमारे 700 कोटी नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारली जातात असा अंदाज आहे. जर्मनीनं 1 जानेवारी 2022 पासून हे कायद्यानं थांबवलं, तिथं आता अंड्यातच तपासणी करतात. आपल्याकडे वाचलेल्यांतले काही रंगाच्या बादलीतून बाहेर येतात आणि खेळणं म्हणून विकले जातात. माझ्या लेकीच्या ओंजळीतलं ते गुलाबी पिल्लू कुठून आलं होतं, ते मला हे वाचताना लख्ख दिसलं. त्याला रंग लावला होता कारण रंगाशिवाय ते कुणाला नको होतं.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री बल्ब गेला. पहाटे उठून बघितलं तर पाच पिल्लं कोपऱ्यात एकमेकांत घुसून बसली होती आणि सहावं, तपकिरीतलं सगळ्यात लहान, त्यांच्या खाली चेंगरलं होतं. लेकीनं त्याला शेवग्याखाली पुरलं. ते काय होतं, कोंबडी का कोंबडा, ते कुणालाच कळलं नाही. तिनं विचारलंही नाही.

तोवर अंगावरची लव जाऊन पिसं फुटायला लागली होती आणि पिल्लंवाल्याचा दुसरा शब्द डळमळायला लागला होता. गावठी. आजींच्या दारात एकदा एक कोंबडी बारा पिल्लं घेऊन हिंडत होती, एक काळं, एक पाठीवर पट्ट्यांचं, एक राखाडी, एक मानेवर पिसंच नसलेलं. एका आईची गावठी पिल्लं एकमेकांसारखी कधी नसतात. आमची चारही तपकिरी पिल्लं एका साच्यातून काढल्यासारखी होती. तोच रंग, तीच जाड नडगी, तीच वाढ. ही कुठल्यातरी उबवणी केंद्रातली सुधारित जात होती. अशा जाती मुद्दाम परसातल्या पालनासाठी तयार केलेल्या असतात. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरीराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज. रंगीत पिसं, दारात फिरून खाणारी, गावठीपेक्षा जास्त अंडी आणि जास्त वजन. चांगल्या जाती आहेत, त्यांनी अनेक घरांत चार पैसे आणलेत. मला राग आला तो कोंबडीचा नाही, खोटं नाव लावून विकण्याचा.

नाव लावलं की भाव वाढतो. आपल्याकडे कडकनाथचं काय झालं ते आठवतं. मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली ही भिल्ल-भिलाल्यांनी सांभाळलेली कोंबडी, पिसांपासून मांसापर्यंत काळी. 2018 साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2019 च्या सुमाराला सांगली-कोल्हापूरकडे त्याच कडकनाथच्या नावावर हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. माझ्या माहेरच्या गावातही काळी कोंबडी म्हटलं की अजून लोक गप्प होतात. कोंबडी खरी होती. तिच्याभोवती रचलेली गोष्ट खोटी होती.

आणि "गावठी" या शब्दाचं तर मला आयुष्यभराचं देणं आहे. कऱ्हाडहून मुंबईत कॉलेजला आले तेव्हा माझ्या बोलण्याला तो शब्द लागला होता. मी "व्हय" म्हटलं की मागच्या बाकावर हसू फुटायचं. वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. आज नेरूळच्या चिकनच्या दुकानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, गावठी कोंबडी मिळेल, आणि तिचा भाव बॉयलरच्या दुपटीहून वर. कोंबडीच्या बाबतीत ज्या शब्दाला आपण जास्त पैसे मोजतो त्याच शब्दानं माणसाला खाली बघायला लावतो. आजींना हे सांगितलं तर त्यांना ते नीट कळलं नाही. त्यांच्या बोलीत कोंबडीला कोंबरी म्हणतात, आणि त्या कोंबरीला गावठी म्हणायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. दुसरी कोंबडी आली तेव्हा हिला नाव पडलं. तसंच गावाचंही झालं असावं. शहर आलं म्हणून ते गावठाण झालं.

गुलाबी पिल्लाचा रंग मार्चपर्यंत गेला. लेक रोज सकाळी शोधायची, आज किती गुलाबी उरलंय. शेवटी मानेमागे एक ठिपका राहिला आणि एक दिवस तोही गळून पडला. खालून निघालं ते पांढरंशुभ्र पाखरू, आणि पाय पिवळेजर्द. शेजारच्या मुलानं बघताक्षणी सांगितलं, लेगहॉर्न. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरावरून पडलेलं हे नाव. पांढऱ्या अंड्यांच्या व्यवसायातल्या जवळजवळ सगळ्या कोंबड्या या रक्ताच्या. "म्हणजे ही परदेशी," मी म्हणाले.

त्यानं मला मग पिवळ्या पायांची गोष्ट सांगितली. कोंबडीचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या लाल रानकोंबड्याची कातडी पिवळी नसते. मग जगभरच्या कोंबड्यांचे पाय पिवळे झाले कुठून? 2008 साली शास्त्रज्ञांनी त्या गुणाचा माग काढला आणि तो पोचला करड्या रानकोंबड्यापाशी. हा रानकोंबडा भारताच्या द्वीपकल्पाबाहेर कुठंच नाही. तो सह्याद्रीत राहतो. आंबा घाटात, कोयनेच्या जंगलात पहाटे त्याची बांग मी स्वतः ऐकली आहे, कऱ्हाडपासून ते जंगल लांब नाही. कधीतरी, हजारो वर्षांपूर्वी, इथल्या रानातला एक पक्षी पाळीव कोंबड्यांत मिसळला आणि त्याचे पाय घेऊन त्या कोंबड्या जगभर गेल्या, इटलीला गेल्या, बंदरातून अमेरिकेला गेल्या, आणि परत येऊन नेरूळ स्टेशनबाहेर एका खोक्यात बसल्या. ज्याला आपण नाक मुरडून बॉयलर म्हणतो त्याच्या रक्तात कॉर्निश जात आहे, आणि कॉर्निश तयार झाली ती आपल्या असील कोंबड्यांवरून. इंग्लंडात तिला इंडियन गेमच म्हणतात.

मी अंगणात बसून त्या पांढऱ्या पाखराच्या पायांकडे खूप वेळ बघत होते. बारीक खवले, प्रत्येक खवल्याची कड थोडी फिकट, मागच्या बोटाजवळ एक लहानसा गोल उंचवटा, जिथं पुढे टाचेचा काटा येणार. कुठलं गावठी आणि कुठलं परदेशी, ते मला तेव्हापासून ठामपणे सांगता येत नाही.

आजी अधूनमधून येत, बघून जात. सहाव्या आठवड्यात त्यांनी आपणहून सांगितलं. प्रत्येकाला हातात घेतलं, मांडीवर ठेवलं, डोळ्यात बघितलं. "ह्या दोन कोंबऱ्या. ह्ये दोन कोंबरे. नि ह्यो सफेद, ह्यो कोंबरा." मी विचारलं, कशावरून? त्यांनी हात झटकले. "मना ठावं नाय. पन हाय." ओटावाच्या परिषदेत आजी गेल्या असत्या तर त्यांनीही एवढंच सांगितलं असतं.

मला दिसायला आणखी महिना गेला. नराचा तुरा आधी तांबूस आणि मग लाल होतो, मादीचा तेव्हा फिकट पिवळाच असतो. नराचे पाय जाड, चाल रुंद. आणि सगळ्यात पक्की खूण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येते, मानेवरच्या आणि पाठीच्या शेवटाच्या पिसांची. मादीचं पीस टोकाला गोल असतं, नराचं निमुळतं, भाल्यासारखं, आणि उन्हात चमकतं. एका तपकिरीच्या पाठीवर मला एप्रिलमध्ये ते निमुळतं पीस सापडलं, आणि ते आजींनी मादी म्हणून सांगितलेलं होतं. मी त्यांना दाखवलं. त्यांनी पिसावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "चुकला माजा." एवढंच. त्यांना त्याचं काही वाटलं नाही, आणि मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जेवढा आदर वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता.

म्हणजे पाचांत चार कोंबडे आणि एकच तलंग.

पांढऱ्यानं पहिली बांग दिली ती रडल्यासारखी होती, अर्ध्यात तुटलेली. दोन आठवड्यांत घसा मोकळा झाला आणि मग पहाटे साडेचारला चौघांची चढाओढ. शेजारी रात्रपाळी करून पहाटे परत येतात. त्यांनी महिनाभर सहन केलं आणि मग दारात येऊन हळू आवाजात सांगितलं. त्यांचं बरोबर होतं. कोंबडे गावात गेले, आजींच्या अंगणात. तलंग आमच्याकडे राहिली.

आषाढ संपत आला तेव्हा तपकिरी तिघांपैकी दोघं आजींच्या घरी शिजले. दीप अमावास्येआधीचा रविवार होता, लेकी-जावई आले होते. आम्हाला ताट आलं. मी लेकीपासून लपवलं नाही. हे कोण ते तिला सांगितलं. ती बराच वेळ ताटाकडे बघत राहिली आणि म्हणाली, मी नाही खाणार. मी खाल्लं. मी मांसाहारी घरात वाढले आहे, आणि ज्या जिवाला मी कणी घातली त्याचं मांस मी टाकून देणार नव्हते. त्या दिवशी आम्ही दोघींनी जे केलं ते दोन्ही मला बरोबर वाटतं.

आमच्या नेरूळला पक्ष्यांचं कौतुक फार. थंडी पडली की खाडीत आणि तळ्यात हजारोंनी रोहित पक्षी उतरतात, लोक गाड्या थांबवून फोटो काढतात, चौकाचौकांत त्यांचे पुतळे आहेत. त्या गुलाबी थव्यात नर कोण आणि मादी कोण हे बघून कळत नाही, दोघांचा रंग सारखा. आणि एवढ्या वर्षांत तळ्याकाठी उभं राहून कुणी तसं विचारलेलं मी ऐकलं नाही. त्यांच्याकडून आपल्याला काही नको असतं. त्यांनी यावं, दिसावं, एवढंच.

पांढऱ्या कोंबड्याला मात्र आजींनी ठेवलं. त्यांच्या घरात कोंबडा म्हातारा झाला होता. "ह्यो ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. तो इतका देखणा झाला होता की गावातली पोरं त्याला बघायला येत. मोठा लाल तुरा, कानाच्या पाळ्या पांढऱ्या, आणि ते पाय. पहाटे उरणची पहिली लोकल जाते त्याच्या आधी त्याची बांग आमच्या घरापर्यंत येते. लेक अंथरुणात कूस बदलते आणि म्हणते, आमचा.

दिवाळीनंतर आजींचा निरोप आला, येऊन जा. त्यांची पिवळ्या पायांची तांबडी कोंबडी खुडूक बसली होती, तिच्याखाली त्यांनी नऊ अंडी ठेवली होती, आणि 21 वा दिवस होता. आम्ही गेलो तेव्हा सात फुटली होती. आजींनी कोंबडीच्या पोटाखाली हात घातला, एक पिल्लू काढलं आणि लेकीच्या हातावर ठेवलं. पिवळं, अजून थोडं ओलं, पाठीवर शाईचा थेंब पडावा तसा एक काळा ठिपका. लेकीनं दुसरा हात वरून झाकला, मग बोटांची फट करून आत बघितलं. पाय फिकट पिवळे होते. ती म्हणाली, "याचं काळीज किती जोरात उडतंय." चोचीच्या टोकावर, ज्याच्या जोरावर पिल्लानं कवच फोडलं होतं, तो पांढरा कण अजून गळला नव्हता.